ती पोस्ट मी काढली नाही

वाशी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी शिकवते. दोन खोल्या, दोन शिक्षक. दिवाळीच्या सुमाराला माझा निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततो. तोवर शिकलेलं वाचन बरंचसं विसरलेलं असतं.

एका वर्षी तिसरीतली एक मुलगी कर्नाटकातल्या उसाच्या फडावरून परत आली. पुस्तक पुढं केलं की मान खाली. मधल्या सुट्टीत मात्र ती मैत्रिणींना कानडी आकडे शिकवत होती. मी तिला फळ्याजवळ उभं केलं. ती फडावरचं सांगत गेली, मी तिच्याच बोलीत लिहीत गेले. 'आमची कोपी लई बारकी व्हती.' कोपी म्हणजे फडावरची पाचटाची झोपडी. आपलं वाक्य तिनं बोट ठेवून वाचलं. मग सगळ्या वर्गाला आपापलं वाक्य फळ्यावर हवं होतं.

हे मी माझ्या ब्लॉगवर लिहिलं. परतलेल्या मुलांना वाचता येत नव्हतं हे लिहिलं, माझे आधीचे कोणते उपाय फसले तेही लिहिलं. कळंबकडच्या एका शिक्षकांनी खाली प्रतिक्रिया दिली, "बाई, माझ्याकडं बी हेच हाय. तुमच्या पोरांची वाक्यं टाका, माझी पोरं वाचून प्रश्न विचारतील." आम्ही एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांच्या मुलांनी विचारलं, 'कोपीत साप आला तर?' उत्तर कोण लिहिणार यावरून माझ्या वर्गात भांडणं लागली.

पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या बैठकीत, आमच्या केंद्रप्रमुखांनी सगळ्या शिक्षकांसमोर माझी पोस्ट उघडून मोबाइल उंच धरला.

"बाई, घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडता? आपल्या अहवालात सगळी मुलं वाचतात."

"माझ्या वर्गात वाचत नव्हती, सर. आता वाचायला लागलीत."

"ती पोस्ट आजच काढा."

"काढणार न्हाय."

ज्यांच्या वर्गात हेच चाललं होतं, तेही चहाच्या कपात बघत बसले. मी खाली बसले नाही. "चूक असंल तर वर्गात येऊन दाखवा," मी म्हटलं, "पोस्ट ऱ्हाईल."

माझ्याकडून लेखी खुलासा मागितला गेला. घरी सगळे म्हणाले, जाऊ दे, एक पोस्ट तर आहे. मी खुलाशात लिहिलं: जे घडलं तेच लिहिलं आहे, मागे घेण्यासारखं त्यात काही नाही.

काही दिवसांनी केंद्रप्रमुख साहेब न सांगता वर्गात आले आणि मागच्या भिंतीशी बसले. त्या मुलीनं कळंबच्या मुलांचे प्रश्न मोठ्यानं वाचले, एका शब्दावर अडली, तो पुन्हा वाचला. साहेबांनी भेटीच्या रजिस्टरवर सही केली आणि निघाले. कौतुक नाही, दिलगिरी नाही. खुलाशाचं पुढं काय झालं, मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यानंतर माझ्या ब्लॉगवर आमच्याच केंद्रातले शिक्षक लिहायला लागले. कुणी वजाबाकीवर, कुणी अजिबात न बोलणाऱ्या मुलावर. बरेच जण नाव न घालता लिहितात. त्या प्रत्येकाला मी एकच उत्तर देते: छान लिहिलंय, आता खाली तुमचं आणि शाळेचं नाव घाला.