पंचमाला एक पडदा पुढं

बोलपट नुकते कुठं यायला लागले होते. त्या साली बारामतीत कालव्याजवळ एका नाटक कंपनीचा तंबू पडला आणि मी अंथुर्ण्याहून पळून येऊन तिच्यात घुसलो. मालकांनी साहेबी थाट हवा म्हणून गोव्याचे एक गिटारवाले मास्तर ठेवले होते. ते हिवतापानं आडवे झाले नि त्यांच्याकडं थोडंफार शिकलो होतो म्हणून गिटार आली माझ्या गळ्यात. "उद्या दुपारच्या तालमीत जमलं तर राहा, नाहीतर घरचा रस्ता धर," मालक म्हणाले. घरी जाऊन वांगी खुडायची? छे!

नायक दारात थबकतो तिथं एक अधांतरी कॉर्ड, एकदम वाजणाऱ्या तीन सुरांची, हवी होती. मास्तरांनी ती खाटेवरूनच समजावली. नेहमीची मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग आणि पंचम. तीन तारांवर तीन बोटं, दांडीवरच्या पट्ट्यांशी, म्हणजे पडद्यांशी, दाबलेली. "पंचमाला तेवढा एक पडदा पुढं सरकव. झाली ऑगमेंटेड, तुझी अधांतरी!"

"पंचम हलत न्हाय, मास्तर."

"कोण म्हणतं?"

"आमचे आबा."

आबा म्हणजे माझे वडील, पक्के भजनी. त्यांच्या लेखी पंचम म्हणजे अढळ सूर; तो हलवला तर ते टाळ फेकून मारतील, अशी माझी खात्री. मास्तरांचा डोळा लागल्यावर मी शहाणपणा केला. पंचम तिथंच ठेवला आणि बाकीची दोन बोटं एकेक पडदा मागं घेतली. काय सांगू, हुबेहूब तोच अधांतरी आवाज! माझा मीच खूश झालो.

तालमीत पेटी सुरू झाली आणि पितळ उघडं पडलं. पेटीचा सा जागेवर, माझा मात्र खाली घसरलेला. नायकानं कान झाकले. "अरे गाढवा, पुन्हा!" मालक ओरडले. मान वर करतो तर तंबूच्या दारात आबा! बाजारात वांगी विकून, रिकामी पाटी घेऊन मला न्यायला आलेले. मला रागच आला. म्हटलं, मारायचं तर मारा. सा आणि ग घट्ट दाबले, पंचम एक पडदा पुढं सरकवला आणि तारा छेडल्या.

या वेळी पेटीशी जुळलं. 

"आरं, हितंच सोडलंस व्हय?" आबा खेकसले. "फुडं काय हाय?"

मी पुढची कॉर्ड वाजवली. आबांनी पाटी पालथी घातली आणि तिच्यावर ऐसपैस बसले.

"हं. आता पयल्यापासनं वाजीव."