आतून कडी

मजुरी द्यायला हात पुढे केला की चांगुणा आपले दोन्ही हात पाठीमागे न्यायची. निमगाव सावातल्या आमच्या कांद्याच्या वावरात मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असंच. मी शाळामास्तर, माझी शेती म्हणजे सुट्टीच्या दिवशी बांधावर उभं राहून हुकूम सोडणं. कांदा काढायला बायकांची टोळी आली होती. त्यात ही एक आंबेगावच्या डोंगराकडची, अंगानं काटकुळी, कपाळावर फडकं बांधलेली, आणि फडक्यावर वाळलेल्या रक्ताचा डाग. बाकीच्यांची एक सरी होईस्तोवर हिची दुसरी अर्ध्यावर यायची. संध्याकाळी सगळ्यांनी पैसे घेऊन पदराला बांधले. हिनं हात मागे नेले.

"नोट नगं, गुर्जी. नोट घरात आली की मार मला बसतो. ह्याची बाजरी द्या. आन् एक शेळी द्या, अर्धलीनं."

अर्धलीनं म्हणजे शेळी माझी, राखायची तिनं, आणि होणाऱ्या करडांतली निम्मी माझी, निम्मी तिची. ज्याच्याकडे जनावर घ्यायला दमडी नाही तो आमच्याकडे असाच हळूहळू जनावरांचा धनी होतो. मी विचारलं, शेळी कशाला हवी? "खोली बांधायचीय. इटांची. लोखंडी दार पायजे, आन् दाराला आतून कडी," ती म्हणाली. कपाळावरचं फडकं तिनं पुन्हा घट्ट केलं आणि बाजरीसाठी पिशवी पुढे धरली. मी तिला आमची काळी शेळी दिली.

ओढ्याच्या कडेला तिचं पत्र्याचं खोपट होतं. दाराच्या जागी गोणपाट. आत ती आणि तिचा नवरा दगडू. दगडू ट्रॅक्टरवर जायचा, मिळवलेलं ओतूरच्या गुत्त्यात ठेवून यायचा आणि घरी येऊन हिचं मिळवलेलं शोधायचा. शोधताना त्यानं गोधड्या फाडल्या होत्या, चूल खणली होती, पाण्याचा रांजण फोडला होता. एकदा पिठाच्या डब्यात त्याला नोटा सापडल्या. त्या सापडल्याच्या आनंदात नव्हे, तर लपवल्याच्या रागात त्यानं तिच्या डाव्या कानावर डबाच घातला. तेव्हापासून त्या बाजूनं हाक मारली तर तिला ऐकू येत नसे.

"पैसा मुका असतो, गुर्जी," ती मला म्हणायची. "कुणीबी उचलला तरी वरडत न्हाई. शेळी वरडती."

आणि शेळी ओरडलीच. काळीला दोन करडं झाली, पुढच्या वेताला पुन्हा दोन, आणि चांगुणाच्या वाट्याची पाट, म्हणजे तरणी शेळी, दावणीला दिसेल एवढी झाल्यावर एका दुपारी दगडूनं तिच्या गळ्यात दोरी अडकवली. पाटीनं अशी बोंब ठोकली की चांगुणा तीन वावरं ओलांडून धावत आली. हातात खुरपं होतंच. तिनं दगडूला शिवी दिली नाही, थांब म्हटलं नाही. दोरी धरलेल्या हातावर खुरपं चालवलं. त्याला ओतूरला दवाखान्यात मीच मोटरसायकलवर नेलं. तिथे त्यानं सांगितलं, तारेचं कुंपण लागलं. बायकोनं कापलं हे सांगण्यापेक्षा त्याला कुंपण बरं वाटलं. मीही गप्प बसलो. माझ्या शर्टाला त्याचं रक्त लागलं होतं, ते आमच्या घरी धुतलं तरी निघालं नाही.

दुसरी बोंब बिबट्यानं उठवली. ऊसतोड चालू होती, सूर्य मावळायला टेकला होता, आणि फडाच्या कडेनं ती शेळ्या घेऊन येत होती. बिबट्यानं काळीचं नरडं धरलं आणि उसात ओढायला लागला. चांगुणानं मागचे पाय धरले. आम्ही कोयते, काठ्या, आरडाओरडा घेऊन पोचलो तेव्हा तिकडून तो ओढत होता, इकडून ही, आणि एका हातानं ही त्याच्या तोंडावर खुरप्याच्या मुठीनं हाणत होती. आम्हाला पाहून तो पळाला. काळी मेलेली होती. चांगुणाच्या खांद्याचं मांस लोंबत होतं आणि ती माझ्यावर ओरडत होती, "गुर्जी, गाभण व्हती वं ती! गाभण व्हती!" त्या बाईला मार खाल्लेलं मी पाहिलं होतं, पण रडताना त्या दिवशीच पाहिलं.

खांदा भरून यायला उन्हाळा लागला. मला म्हणाली, "बिबट्याला गोनपाट म्हंजी काय? आन् दगडूला तर त्येवढंबी आडवं येत न्हाई. आता खोली पायजेच." तिच्या वाट्याच्या शेळ्या-बोकड मिळून तोवर एक बरा कळप झाला होता. तो विकला की विटा, पत्रा आणि दार होत होतं. तिनं ओढ्याकडेला पायाची दोरी मारली, स्वतःच चर खणायला घेतले आणि मला म्हणाली, "बेल्ह्याच्या बाजारात येकली बाई बघितली की व्यापारी गळा कापत्यात. तुमी जा. आन् पैसं माझ्या हातात द्या. नोट घेनार मी, ह्या येका बारीला."

बेल्ह्याला मी तिच्या शेळ्या टेम्पोतून नेल्या. सौदा चांगला झाला. पैसे खिशात घालतोय तोच दगडू समोर. धुतलेला सदरा, केस पाणी लावून बसवलेले, तोंडाला वास नाही. हात जोडून म्हणाला, "गुर्जी, तिनं धाडलंय. इटवाल्याला आजच पैसं द्यायचंत. माझ्याकडं द्या."

मला ठाऊक होतं. तिचा कान मला ठाऊक होता, त्याच्या हातावरची खूणही. पण भोवती चारजण उभे होते, ओळखीचे. त्यांतला एकजण म्हणाला, "द्या की राव, घरधनी हाय." नवरा समोर हात जोडून उभा असताना त्याला डावलून त्याच्या बायकोच्या हातात पैसे द्यायचे, म्हणजे भर बाजारात त्याची अब्रू काढायची. आमच्याकडे असं कोणी करत नाही. मीही केलं नाही. त्याच्या अब्रूची मलाच भीड पडली आणि मी सगळे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

ती चरात उभी होती, गुडघ्यापर्यंत मातीत. मला पाहून तिनं पदराला हात पुसले आणि पुढे केले. पहिल्यांदाच.

"दगडूकडे दिले," मी म्हणालो.

ती चरातून वर आली आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. चष्मा उडून मातीत पडला. मी गावचा मास्तर, दिवसाढवळ्या, टोळीच्या बायकांदेखत. ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. ती म्हणाली, "दगडूचा मार येताना दिसतो, गुर्जी. तुमचा दिसला न्हाई." एवढं बोलून ती पुन्हा चरात उतरली आणि पहार चालवू लागली. तो चर आता कशासाठी, हे मला विचारवलं नाही.

आठ दिवसांनी दगडू रिकाम्या खिशानं परत आला. तो गोणपाट बाजूला करून आत शिरत असताना तिनं कुदळीच्या दांड्यानं त्याची नडगी मोडली. मग महिनाभर तो प्लास्टरमध्ये खाटेवर पडून होता आणि भाकरी त्याला तीच घालत होती. मी माझ्याकडचे पैसे घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं हात पाठीमागे नेले. मग मी म्हटलं, दोन शेळ्या घे, वाटा नको, तुझ्याच. त्यावर, त्या थपडेनंतर पहिल्यांदा, ती माझ्याशी बोलली.

"अर्धलीनंच घेनार. फुकट घेतल्या तर तुमाला मोकळं वाटंल. मोकळं वाटू द्यायचं न्हाई मला."

तिनं ते खरं केलं. पुढची चार-पाच वर्षं प्रत्येक वेताला माझा वाटा ती माझ्या दारात आणून बांधायची आणि पाणीही न पिता जायची. प्रत्येक करडाबरोबर मला बेल्ह्याचा बाजार आठवायचा. विकायला आता ती स्वतः जायची, टोळीतल्या दोघी बायका बरोबर घेऊन.

खोली झाली तेव्हा मात्र तिनं निरोप धाडला. दहा बाय दहाची, बिनगिलाव्याची. दार लोखंडी, निळं रंगवलेलं. ती आत गेली, दार लावलं, कडी घातली आणि आतून म्हणाली, "गुर्जी, धक्का मारा." मी मारला. "असा न्हाई. दगडूगत मारा." मी खांदा लावून, मग लाथ घालून पाहिलं. दार हललं नाही. आतून चांगुणा हसत होती. ते हसू ऐकून मला भर उन्हात रडू आलं.

दगडू लंगडत शेजारी खोपटातच राहिला. ती भाकरी उंबऱ्यावर ठेवायची आणि दार लावून शेळ्यांसकट आत झोपायची.

यंदा माघात एका सकाळी त्या शेळ्या ओरडायला लागल्या. ऊन वर आलं तरी ओरडतच होत्या. बायकांनी हाका मारल्या, मग आम्हाला बोलावलं. कडी आतून होती. चार माणसं आणि दोन पहारी लागल्या ते दार पाडायला. चांगुणा वाकळेवर कुशीला झोपलेली होती, बहिरा कान वर. झोपेतच गेली होती. अंगावर नवी जखम एकही नव्हती, आणि हे मी मुद्दाम पाहिलं.

दहाव्याला ओढ्यावरून परतताना दगडूनं मला गाठलं. धुतलेला सदरा, जोडलेले हात. "गुर्जी, तिच्या वाट्याच्या शेळ्या..." भोवती माणसं होतीच. कोणीतरी म्हणालंही, "घरधनी हाय, राव."

"तिच्या शेळ्या तिच्या टोळीतल्या बायकांना अर्धलीनं जाणार," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "तुला एक शेपूटसुद्धा मिळायचं नाही."

जोडलेले हात सुटले. उजव्या हाताची मूठ झाली, खांदा मागे गेला. मी चष्मा काढून खिशात घातला. मला मार येताना दिसत होता.