सगळ्यांचे आजोबा आंधळे

मुद्देबाईंना मुद्दे आवडत नसत, हे त्यांच्या एकाही विद्यार्थ्याला कधी कळलं नाही. कळणार तरी कुठून? बाई शाळेत साहित्य आणि इतिहास शिकवत, आणि वर्गात शिरल्या शिरल्या फळ्यावर आकडे घालत. युद्ध कुठलंही असो, त्याची कारणं सहा. क्रांती कुठलीही असो, तिचे परिणाम पाच. कवी दुःखी असला, तर त्याचं दुःख चार मुद्द्यांत मावलं पाहिजे, कारण प्रश्न चार गुणांचा. एका मुलाने तर एका कवीच्या विरहाची कारणं लिहिली होती आणि त्यात तात्कालिक कारण वेगळं काढून दाखवलं होतं. बाईंनी कपाळावर हात मारला आणि त्याला पैकीच्या पैकी दिले. न देऊन सांगतात कुणाला? त्यांनीच शिकवलं होतं.

शाळेबाहेर त्यांचा आणखी एक उद्योग होता आणि तो शाळेला ठाऊक नव्हता. बाई गाईडं लिहीत. आदर्श उत्तरं, नमुना निबंध, परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायच्या संक्षिप्त टिपा, सगळं. शिक्षकांनी गाईडं लिहायची नाहीत असा शाळेचा कडक नियम होता, म्हणून मुखपृष्ठावर नाव असे 'अनुभवी प्राध्यापकांचे मंडळ', आणि खाली टाय लावलेल्या चार पुरुषांचा फोटो. हे चौघे कोण, कुठले, हे प्रकाशकालाही माहीत नव्हतं. मंडळ म्हणजे खरं तर स्वयंपाकघरातलं टेबल, एक लाल पेन आणि बाई. भाजी एकीकडे रटरटते आहे, दुसरीकडे एक साम्राज्य लयाला जातं आहे, आणि मध्येच दारावर कुणीतरी बिल घेऊन उभं आहे, अशा थाटात मंडळाच्या बैठका चालत.

या उद्योगावर बाईंच्या वडिलांचा भारी राग. ते आयुष्यभर एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी प्रत्येक ओळ तपासायची आणि दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. निवृत्त झाले तरी चुका काढायची सवय काही निवृत्त झाली नाही. शेवटची काही वर्षं ते लेकीकडेच राहिले. दृष्टी पार गेली होती, जीभ मात्र शाबूत होती. "पोरांना चावलेला घास भरवतेस," ते म्हणत. "दात कधी येणार त्यांना?" बाई चिडून म्हणत, "बाबा, तुमच्या नातीच्या शाळेचा खर्च त्या घासातूनच निघतो." मग बाई पुन्हा लिहायला लागत. गाईडांबद्दल त्यांच्या तोंडून कधी एक बरा शब्द निघाला नाही. ते गेले तरी ही गोष्ट बाईंच्या मनात काट्यासारखी राहिली.

तर, गाईडात निबंधाचा एक साचा असे. सुरुवात, विस्तार, समारोप. मधल्या भागात बाई कंसात लिहीत: 'येथे स्वतःचा एखादा हृदयस्पर्शी प्रसंग घालावा.' इतकी साधी सूचना. एका वर्षी मुलांनी ती सूचनाच पाठ केली. ढिगाने उत्तरपत्रिकांत सुरेख अक्षरात, कंसासकट, तेच वाक्य. काहींनी तर त्याखाली अधोरेखनही केलं होतं. वर्तमानपत्रात बातमी आली, लोक पोट धरून हसले, आणि प्रकाशक लालबुंद होऊन बाईंच्या दारात उभा राहिला.

"बाई, मोकळी जागा ठेवायचीच नाही. प्रसंग तयार द्या."

"अहो, पण 'स्वतःचा' म्हणजे स्वतःचाच ना? तो मी कुठून देऊ?"

"मुलांना स्वतःचं काही नसतं हो, बाई. द्या तुमचं काहीतरी. छपाई अडलीये."

बाईंचं डोकं तापलं होतं. समोर तपासायच्या वह्यांचा डोंगर, त्यात हा माणूस चहासुद्धा न घेता खुर्चीच्या टोकाला टेकून बसलेला. हाताशी आलं ते त्यांनी लिहून टाकलं. आणि हाताशी नेमकं आलं ते घरातलं.

मुलगी लहान असताना रोज दुपारी आजोबांच्या खाटेशी बसून त्यांना पेपर वाचून दाखवत असे. बाई स्वयंपाकघरात लिहीत असत आणि एक कान तिकडे असे. पहिल्या पानापर्यंत पोरीचा आवाज खणखणीत, मग खाली जाई, मग नुसती कागदांची सळसळ. आणि थोड्याच वेळात वडिलांचा मोठा आवाज येई, "आज जगात फारसं काही घडलेलं दिसत नाही. बरं झालं." बाई समजायचं ते समजल्या. पोरगी खेळायला पळायला मिळावं म्हणून रकाने गाळते, म्हाताऱ्याला ते कळतं, आणि कधी नव्हे ते तो चूक पकडत नाही. वडिलांचा तेवढा एकच मऊ कोपरा त्यांना सापडला होता. तो त्यांनी उचलला, 'माझ्या आंधळ्या आजोबांना' अशी सुरुवात करून गाईडात घातला, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं आणि 'त्या दिवशी मला प्रामाणिकपणाचे महत्त्व पटले' असं तात्पर्य चिकटवून प्रकाशकाला वाटेला लावलं. घरात कुणी हरकत घेईल असं त्यांच्या मनातही आलं नाही. मुलगी त्यांच्या गाईडांना हात लावत नसे. आजोबा गेल्यापासून तर मुळीच नाही.

पुढच्या वर्षी मुलगी स्वतःच परीक्षेला बसली. तिला साहित्यच घेऊन पुढे शिकायचं होतं, आणि तिला हव्या त्या महाविद्यालयात साहित्याच्या गुणांवरच प्रवेश मिळे. पेपर देऊन ती घरी आली ती उड्या मारतच.

"आई, निबंध काय मस्त आला होता! 'मी विसरू न शकलेला प्रसंग'. मी आजोबांचा पेपर लिहिला. सगळा, खराखुरा!"

बाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. बोलावं? आता बोलून उपयोग काय? लिहून झालं होतं. "छान," त्या म्हणाल्या, आणि आमटी ढवळत राहिल्या. त्यानंतर निकाल लागेपर्यंत त्यांना धड जेवण गेलं नाही, आणि नवऱ्याने कारण विचारलं की त्या त्याच्यावरच डाफरत. त्या बिचाऱ्याचा यात काडीचा दोष नव्हता.

निकाल लागला. इतिहासात उत्तम. साहित्यात इतके कमी की मुलीला आधी वाटलं दुसऱ्या कुणाचे गुण आपल्या नावापुढे लागलेत. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. निबंधाच्या पहिल्या पानावर लाल शाईत आडवी रेघ आणि शेरा होता: 'गाईडमधील निबंध. शून्य.'

"कुठल्या गाईडमधला?" मुलगी म्हणाली, आणि आईच्या तोंडाकडे पाहून तिला कळलं. तिने कपाटातून गाईड काढलं, पान शोधलं, उभ्या उभ्या वाचलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तू आजोबांना विकलंस." ती ओरडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या मुलांचं काय करायचं हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं.

फेरतपासणीचा अर्ज केला, आणि दोघींना मुख्य परीक्षकांनी बोलावलं. खोलीभर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, खिडकीतलं झाड सोडलं तर हिरवं असं काही नाही, आणि मध्ये एक दमलेला माणूस.

"आंधळे आजोबा ना?" त्यांनी छायाप्रत पाहून विचारलं. "यंदा सगळ्यांचे आजोबा आंधळे आहेत, बाई. सगळे पेपर ऐकतात. सगळ्यांच्या जगात फारसं काही घडत नाही. एका मुलीने तर आजोबांच्या जागी आजी घातली, पण दाढी तशीच ठेवली. मी काय करावं सांगा?"

"हिचे खरंच होते," बाई म्हणाल्या.

"प्रत्येक पालक हेच म्हणतो."

इकडे आड, तिकडे विहीर. बाईंनी एकदा मुलीकडे पाहिलं. मुलगी खिडकीकडे पाहत होती.

"साहेब, ते गाईड मी लिहिलंय," बाई म्हणाल्या. "मी शाळेत शिक्षिका आहे, आणि आम्हाला गाईड लिहायची मनाई आहे. तरी लिहिलं. प्रसंग हिचा आहे. मी हिच्याकडून घेतला, हिने माझ्याकडून नाही."

एवढं धाडस केल्यावर काहीतरी बरं घडेल अशी बाईंची समजूत. कसचं काय! परीक्षकांचा चेहरा उजळला.

"म्हणजे गाईड हिच्या घरातच लिहिलं गेलं! मग तर प्रश्नच मिटला. ही बाकीच्यांच्याही आधी पाठ करू शकली असती."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. नोकरी पणाला लावून बाईंनी आपल्याच मुलीविरुद्ध पुरावा दिला होता. त्यांना त्या माणसाचा, प्रकाशकाचा, टायवाल्या चौघांचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा भयंकर संताप आला.

"तुम्ही पुढचं पान वाचलंत?" मुलीने विचारलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलत होती.

परीक्षकांनी गठ्ठ्यातून मूळ उत्तरपत्रिका काढून पुढ्यात ठेवली. वाचलं नव्हतंच. पहिल्या पानावर आजोबा आंधळे निघाले की लाल रेघ, अशीच त्यांची पद्धत पडली होती, आणि गठ्ठे पाहता त्यांना दोष तरी किती द्यायचा?

"बरं, तू सांग," ते म्हणाले. "काय लिहिलंयस पुढे? न बघता सांग."

मुलगी बोलायला लागली, आणि बोलताना तिने आईकडे एकदाही पाहिलं नाही.

"मी रकाने गाळत नव्हते. आजोबाच थांबवायचे. पहिलं पान झालं की म्हणायचे, 'बास झालं जग. तुझ्या आईचं काढ.' गाईडांचे तपासायला आलेले छापील कागद आई त्यांच्या खाटेखाली ठेवायची. मी ते काढून हळू आवाजात वाचायची. निबंध, लढाया, सगळं. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच बोट वर करायचे. म्हणायचे, 'ही ओळ परीक्षेची. ही पण परीक्षेची. थांब, ही तिची आहे. परत वाच.' आईला कळू नये म्हणून शेवटी मोठ्याने म्हणायचे, आज जगात काही घडलं नाही. मी विचारलं, तिला सांगत का नाही? तर म्हणाले, 'सांगितलं तर ती गाईडांपाशीच थांबेल.' आणि मग ते गेले. तिला सांगायचं राहूनच गेलं. हाच माझा न विसरता येणारा प्रसंग. तात्पर्य वगैरे काही नाही लिहिलं मी."

परीक्षकांनी पान उलटलं आणि वाचलं. बराच वेळ लावून वाचलं. मग जुन्या शेऱ्यावर काट मारली, बाजूला नवे गुण घातले आणि सही केली.

"गाईडात तुम्ही फारच वेगळं लिहिलंयत, बाई," ते म्हणाले. "शेरा का बदलला याचं कारण मला लेखी द्यावं लागेल. तुम्ही आत्ता सांगितलंत, तेही त्यात येईल."

"लिहा," बाई म्हणाल्या.

शाळेत काय होईल ते त्यांना कळत होतं, पण या घटकेला ते कुणा दुसऱ्याच्या घरात घडणार असल्यासारखं वाटत होतं. दोघी जिन्यापर्यंत आल्या. मुलीला प्रवेश मिळण्याइतके गुण झाले होते, पण तिचं तोंड अजून फुगलेलंच होतं. बाईंना माफी मागायची होती. तोंडून निघालं भलतंच.

"कुठली ओळ गं आवडायची त्यांना?"

"सगळ्या नाही आठवत. फार नव्हत्याच."

"फार नव्हत्या म्हणजे? एक तरी सांगशील की नाही?" बाईंचा आवाज चढला. जिन्यावरून वर येणारा शिपाई दचकून कडेला झाला.

मुलगी कठड्याला टेकली. "इतिहासाच्या गाईडात होती, तहाच्या प्रश्नात. सगळी कलमं संपल्यावर, अगदी शेवटी. 'दोन्ही बाजूंनी तहावर सह्या केल्या. ज्यांच्या शेतांतून सैन्ये गेली, त्यांना मात्र तह झाल्याचे पुढच्या पेरणीपर्यंत कोणी सांगितले नाही.'"

बाईंना ती ओळ आपण लिहिल्याचं आठवेना. मग आठवलं. प्रकाशकाने पेन्सिलीने गोल करून विचारलं होतं, याला गुण किती? आणि बाई म्हणाल्या होत्या, काही नाहीत, काढून टाका.

"पुढच्या आवृत्तीत ती नव्हती," त्या हळूच म्हणाल्या.

"माहितीये. नव्या आवृत्तीचे कागद आले तेव्हा आजोबांनी मला ते पान दोनदा वाचायला लावलं. नाहीये म्हटल्यावर म्हणाले, 'ठेव ते खाली.' त्या दिवशी मी त्यांना पेपर वाचून दाखवला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळा, जाहिरातींसकट."