फेमीच्या वडिलांचं कापड

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. लेकीलाही नाही. देवापुढे बसून सांगायचं ठरवलं की ऐन वेळी दुसरंच काहीतरी मागून उठते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायची हिंमत असती, तर त्या दिवशीच नसतं का उघडलं?

सातवीनंतर शाळा सुटली माझी. चुका होतील लिहिण्यात. होऊ देत.

आधी काकूंचं सांगते. मूळ गोष्टीला उशीर करते आहे, कळतंय मला — पण काकूंशिवाय पुढचं समजणार नाही. मी सुरगाण्याकडच्या डोंगरातली, आदिवासी. द्राक्षाच्या हंगामात मावशीबरोबर दिंडोरीकडे कामाला आले आणि तिथे कावीळ झाली. हंगाम संपला, माणसं परत गेली, मी उठू शकत नव्हते. मुकादमाच्या बायकोने मला नाशिकला काकूंच्या घरी आणून सोडलं. काकूंना घरकामाला पोर हवीच होती. त्यांनी विचारलं, ‘‘कुठली गं ही? कोणाची?’’ मुकादमीण म्हणाली, ‘‘वणीकडची आहे, मराठ्याची पोर. सोवळ्याओवळ्याची काळजी नको.’’

मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. गप्प राहिले.

ते खोटं माझं नव्हतं, पण नंतर ते मीच सांभाळलं. काकूंनी मला मुगाचं पाणी पाजलं, दवाखान्यात नेलं, मागची खोली दिली. पुढे स्वयंपाकघर दिलं, देवघर दिलं — नैवेद्याचं पुरणसुद्धा माझ्या हातचं. शिवणयंत्रावर बसवून शिवायला शिकवलं. एवढं माझ्या आईनंतर कोणी केलं असेल का माझं? म्हणून मी ‘नाय’चं ‘नाही’ केलं, ‘लय’चं ‘खूप’ केलं. गावी जायचं कमी केलं. टीव्हीवर एकदा आमच्याकडची माणसं मुखवटे घालून नाचताना दाखवली, तर काकू म्हणाल्या, ‘‘बंद कर बाई ते, रात्री स्वप्नात येतील.’’ मी उठून बंद केला. त्या मुखवट्यांमध्ये आमच्या घरचा होता की नव्हता, हेही नीट पाहिलं नाही.

बोहाडा म्हणतात त्याला. तुम्ही पाहिला असेल-नसेल. गावातल्या एकेका घराकडे एकेक सोंग असतं. आमच्याकडे वेताळाचं होतं. लाकडाचा मुखवटा, वर्षभर आढ्याला बांधलेला. तो बाबांच्या तोंडावर चढला की त्यांना बाबा म्हणायचं नाही. आई अंगणात ओवाळायची, पाया पडायची. मी लहानपणी एकदा ‘बाबा’ म्हणून हाक मारली, तर तिने माझं तोंड दाबलं. ‘‘देव हाय तो आता,’’ म्हणाली. ‘‘बा मंग यील.’’

आता फेमीचं.

काकूंच्या वरच्या खोल्यांत कॉलेजची मुलं भाड्याने राहायची. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा फेमी आला. नायजेरियाचा. पण कोणी विचारलं की आधी ‘योरुबा’ म्हणायचा आणि मग देशाचं नाव सांगायचा. आमच्याकडे माणूस आधी गाव सांगतो ना, तसं. पहिल्या दिवशी तो काकूंसमोर आला आणि सरळ फरशीवर पालथा पडला. त्यांच्यात वडीलधाऱ्यांना तसाच नमस्कार करतात. काकू घाबरून दोन पावलं मागे — ‘‘अगोबाई, पडला की काय हा! उठ रे, उठ!’’ मग कळल्यावर गल्लीभर सांगत सुटल्या, ‘‘आमचा मेला भाचा नुसता ‘हाय’ म्हणतो, आणि हा परक्या देशाचा पोरगा दंडवत घालतो.’’ भाडं ठरवायच्या आधीच खोली दिली त्यांनी त्याला.

गल्लीतली पोरं त्याला विचारायची, रंग निघतो का तुझा? तो हात पुढे करायचा, ‘‘घिसो, घिसो. निकला तो आधा तुम रखो.’’ पोरं खिदळायची.

त्याची हिंदी मोडकी, माझीही मोडकी. दोन मोडक्या हिंदींचं बरं जमायचं. मी गच्चीवर सांडगे घालायला गेले की तो पुस्तक घेऊन सावलीत बसलेला असायचा. मला दीदी म्हणायचा. एकदा त्याने फोटो दाखवला. रंगीबेरंगी कापडांचा ढीग, माणसाएवढा उंच, गरगर फिरतोय आणि सगळ्या पट्ट्या हवेत उडताहेत. डोकं दिसत नाही, हात नाहीत, काही नाही. मला हसू आलं. तो म्हणाला, ‘‘हँसो मत, दीदी. ये मेरे दादा हैं.’’

त्यांच्याकडे गेलेली माणसं सणाला परत येतात. त्या कापडांमधून येतात. आत कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, पण नाव घ्यायचं नाही. घरातल्या बायका पूर्वजांची स्तुती गातात, ढोल वाजतात. तो सांगत होता आणि त्याचे खांदे बसल्या जागी हलत होते.

आणि मी म्हणाले — कसं निघालं तोंडातून, कळत नाही — ‘‘हमारे में भी आते हैं.’’

नाशिकला आल्यापासून ‘आमच्यात’ हा शब्द मी पहिल्यांदाच खरा वापरला. मग सगळंच सांगितलं. वेताळ, आढ्याला बांधलेला मुखवटा, आईने दाबलेलं तोंड. आणि काकूंना हे माहीत नाही, हेही. फेमीने विचारलं, ‘‘क्यों? तुम्हारे घर में देवता आता है, और तुम छुपाती हो?’’ मी सांडगे उलटवत राहिले. तो पुढे म्हणाला, ‘‘ठीक है. मैं नहीं बोलूँगा.’’

पावसाळा सरताना त्याचे वडील गेले. परीक्षा होती, घरी जाणं झालं नाही. चार दिवस तो खाली जेवायला आला नाही. काकूंनी माझ्या हाती ताट पाठवलं, स्वतः वर जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवून आल्या. पुढे त्याच्या थोरल्या भावाने एक पुडकं पाठवलं. त्यात वडिलांच्या झग्याचा एक तुकडा होता, हातमागाचा, निळ्या-पांढऱ्या रेघांचा. पुढच्या सणाला त्यांचे वडीलही कापडांमधून येणार होते, आणि प्रत्येक मुलाने त्या पोशाखाला आपला एकेक पट्टा जोडायचा असतो. बाकीच्या भावंडांचे झाले होते. फेमीचा राहिला होता. त्याचा एक दोस्त मुंबईहून विमानाने घरी निघाला होता, त्याच्याबरोबर तो पट्टा पाठवायचा होता. नाही गेला तर? मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘तो पापा आएँगे, सबका कपड़ा पहनके. मेरा नहीं.’’

शिवायला त्याला येत नव्हतं. मी शिवला.

काकू दुपारी भजनी मंडळात जायच्या तेव्हा यंत्रावर बसायचे. मधे त्याच्या वडिलांचा तुकडा, भोवती दहीपुलाच्या बाजारातून आणलेलं पिवळं आणि हिरवं कापड, आणि कडेने लाल किनार. करवतीच्या दातांसारखी, तिकोनी. वाईट काही जवळ येऊ नये म्हणून दात, असं तो म्हणायचा. एकेक दात दुमडून शिवावा लागतो. इतकं चांगलं काम मी आधीही केलं नव्हतं आणि नंतरही नाही. फेमी म्हणाला होता, ‘‘भाई को बोलूँगा, इसमें एक बहन का हाथ है.’’

झाल्यावर त्याने पट्टा धुवून गच्चीवर वाळत घातला. त्याच दिवशी अमावास्या होती. आमच्या दोघांच्या ध्यानात नव्हतं.

शेजारच्या आजींच्या नातवाला ताप होता, उतरत नव्हता. त्यांना त्यांच्या गच्चीवरून ते लाल दात दिसले. तासाभरात चार बायका काकूंच्या ओसरीत. करणी आहे, म्हणे. त्या लोकांमध्ये करतात. काकूंनी फेमीला कापडासकट खाली बोलावलं. तो खरं तेच बोलला — माझ्या वडिलांचा कपडा आहे, ते गेले ना, त्यांचा. झालं! मेलेल्या माणसाचा कपडा, लाल दात, वर अमावास्या. एक बाई तर मागे सरून दाराबाहेरच गेली.

काकू वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘मंदे, तू असतेस ना वर? काय करत होता हा? खरं सांग मला.’’

खरं सांग, म्हणाल्या. विश्वासाने विचारत होत्या.

त्या ओसरीत एकच माणूस होतं ज्याला ते कापड काय आहे हे पुरतं माहीत होतं. ‘काकू, आमच्याकडेही असंच असतं’ — एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी माझं ऐकलं असतं. की नसतं? मला कुठे माहीत आहे? मी विचारून पाहिलंच नाही. मी म्हणाले, ‘‘मला नाही ठाऊक, काकू. मी त्याच्याशी बोलत नाही.’’

एक बाई म्हणाली, पण शिवण तर यंत्राची दिसते! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फेमी लगेच म्हणाला, ‘‘मैंने किया. बाजार में, टेलर के पास.’’ माझ्याकडे न बघता म्हणाला.

संध्याकाळच्या आत त्याने खोली सोडली. काकूंनी कापड चिमट्याने उचलून माझ्याकडे टाकलं — बंबात घाल.

नाही घातलं मी. इथपर्यंतचं थोडंफार मी मनाशी कधीतरी कबूल केलं आहे. पुढचं नाही. मी ते घडी करून माझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवलं. वाटलं, त्याला नेऊन देईन. कॉलेजच्या मागे त्याच्या मित्रांची खोली होती, मला माहीत होती. चालत जाण्यासारखी.

दुसऱ्या दिवशी तोच आला. फाटकापाशी उभा राहिला, आत आला नाही. काकू झोपाळ्यावर मेथी निवडत होत्या. मी तुळशीपाशी. दोस्त त्या संध्याकाळच्या गाडीने मुंबईला निघणार होता. फेमीने विचारलं, ‘‘दीदी, वो कपड़ा?’’

काकूंचा हात मेथीवर थांबला.

मी म्हणाले, ‘‘जला दिया.’’

‘‘पूरा?’’

‘‘पूरा.’’

त्याने फाटकाचे गज धरले. त्याच्या भाषेत हळूच काहीतरी बोलला, माझ्याशी नव्हे. मग गेला. काकू म्हणाल्या, ‘‘बरं झालं बाई, सुटलो,’’ आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

दिवसभर वेळ होता. दुपारी काकू झोपल्या, तेव्हा होता. मी ट्रंक उघडली, बंद केली. चपला घातल्या, काढल्या. संध्याकाळ झाली. गाडी मुंबईला गेली असेल, असं वाटल्यावर — हे लिहिताना लाज वाटते — मला हलकं वाटलं.

कोणी ट्रंक तपासणार नव्हतं. कोणाला शंकाही नव्हती. पोस्टाने पाठवता आलं असतं, नुसतं ठेवून देता आलं असतं. पण ते घरात असेपर्यंत मी त्याच्याशी खोटं बोलले होते. नसलं की बोलले नव्हते. असा हिशेब केला मी. दुसऱ्या दिवशी सकाळी बंब पेटवायच्या वेळी ते काढलं, लाकडांवर ठेवलं आणि काडी लावली. सुती होतं, पटकन धरलं. लाल दात आधी गेले. मधला निळा तुकडा जाड, तो बराच वेळ धुमसत राहिला. मी चिमट्याने आत ढकलला.

काकू त्या पाण्याने न्हाल्या. मीही न्हाले.

शेजारचा नातू त्याच दिवशी उठून खेळायला लागला. साधा ताप होता. फेमी परत कधी दिसला नाही. काकूंनी पुढे माझं लग्न लावून दिलं, दोन पातळं आणि शिवणयंत्र दिलं, आणि गेल्या तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. त्यांच्या लेखी मी शेवटपर्यंत वणीकडचीच होते.

बंबातली राख आम्ही टाकत नसू. चाळून डब्यात भरून ठेवायची, भांड्यांसाठी. त्या दिवशीही मी ती चाळली आणि डब्यात भरली. डबा संपेपर्यंत रोज त्याच राखेने भांडी घासली. देवाचीसुद्धा.