फोकरची चाकं

"म्हणजे हाही फोटो चुकीचा?"

"चुकीचा म्हणजे चुकीचाच. पुढं किती चाकं दिसायलेत तुला? दोन. फोकर फ्रेंडशिपला पुढं एकच चाक असतं. हे नंतरचं विमान झालं."

"त्याच्या आधीचा पाठवला, तर म्हणलात सावली पडली. त्याच्या आधीचा, तर म्हणे हा उजव्या बाजूचा, मला डाव्या बाजूचा पाहिजे. बाबा, विमानाचे दोन्ही पाय सारखेच असतात."

"माणसाचेही सारखेच असतात. मग उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात घालून जा की पुण्याला."

एरवी स्वरदा हसली असती. आज हसली नाही. रात्रभर रेल्वेत बसून ती परभणीला उतरली होती, तिथून एसटीनं जिंतूरला आली होती, आणि अजून अंघोळसुद्धा झाली नव्हती.

"मागं पुण्याच्या विमानतळावर मला बाजूला घेतलं त्या गणवेशवाल्यानं. सगळ्यांदेखत. म्हणे, चाकांचे फोटो कशाला काढता? काय सांगणार त्याला? माझे वडील चित्रकलेचे सर आहेत म्हणून? सगळे पुसायला लावले."

"आणि तिथं फोकर होतं का?"

"नव्हतं. पण चाक ते चाक."

"ह्यालाच मी अर्धवट काम म्हणतो," अप्पाराव म्हणाले, आणि खिडकीकडं तोंड करून बसले.

स्वयंपाकघरात स्वरदाची आई अंबिका भाकरी थापत होती. तिचे कान बाहेर होते. तवा तापून धूर निघायला लागला तरी तिनं भाकरी टाकली नाही.

खिडकीपाशी टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर ते विमान पोटावर पडून होतं. फूटभर लांब, खोक्यातून आलेले प्लास्टिकचे सुटे भाग जोडून केलेलं. पंख लागले होते, दोन्ही इंजिनं लागली होती, रंग झाला होता, खिडक्यांच्या कडेची बारीक रेघसुद्धा ओढून झाली होती. फक्त पाय नव्हते. गेल्या दिवाळीपासून ते तसंच होतं. आता दुसरी दिवाळी तोंडावर आली होती.

अप्पारावांचं हे वेड जुनं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते हैदराबादला बेगमपेठेत मामाकडं जायचे. मामाच्या गच्चीवरून विमानं इतकी खालून जायची, की वाळत घातलेले कपडे हलायचे. इंजिनाच्या पोटातून ते लांब पाय बाहेर यायचे, आणि लहानगे अप्पाराव तोंड उघडं टाकून बघत राहायचे. पुढं जिंतूरच्या शाळेत चित्रकलेचे सर म्हणून लागले. परभणीवरून विमानं जातात, पण इतकी उंचावरून, की पांढरी रेघ तेवढी दिसते. इथं कुठलंच विमान पाय खाली सोडत नाही. म्हणून चाकांसाठी फोटोच पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खोटं नव्हतं. आधीच्या प्रत्येक विमानाला त्यांनी फोटो बघूनच ब्रेकच्या केसाएवढ्या नळ्यासुद्धा तांब्याच्या तारेनं केल्या होत्या.

हात तसा होता. फळ्यावर एका झटक्यात गोल काढायचे, आणि पोरं कर्कटक घेऊन तपासायची. शाळेच्या प्रमाणपत्रांवरची नावं त्यांनी घालायची, कुणाच्या दुकानाची पाटी, कुणाच्या लग्नाची पाकिटं, सगळं अप्पा सरांकडं. सासरी आली तेव्हा अंबिकाला ह्याचा राग यायचा. बायकोला दोन शब्द बोलायला वेळ नाही, आणि गावाच्या पाकिटांवर वळणदार अक्षर.

आता पाकिटं कुणी आणत नव्हतं. सर रिटायर झाले म्हणून आणत नसतील, असं घरात सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे दोघंच.

पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं ते चहावरून. बशीत चहा सांडायला लागला. तिनं काही न बोलता कप अर्धाच भरायला सुरुवात केली, आणि संपला की पुन्हा अर्धा. मग सदऱ्यांची बटणं. तिनं डोक्यातून घालायचे झब्बे शिवून आणले, आणि ह्या वयात झब्बाच शोभतो म्हणाली. स्वरदाचा व्हिडिओ कॉल आला की मोबाईल हातात न देता साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची. मग एक दिवस टेबलाखाली झाडताना तिला विमानाचा एक पाय सापडला, मधोमध मोडलेला. वाकडा चिकटवून पुन्हा मोडलेला. तिनं तो उचलून खोक्यात, इतर तुकड्यांखाली ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं फोटोचं सुरू झालं. नीट फोटो मिळत नाही, म्हणून काम अडलंय.

आणि तिनं ते उचलून धरलं. बहिणीला फोनवर सांगितलं, भाच्याला सांगितलं, शेजारच्या मालनबाईला सांगितलं. मालनबाई तर दारात दुधाचं भांडं घेऊन उभी राहून म्हणाली होती, "अजून चाकच मिळंना का सरला? स्टँडामागं टायरवाला हाय की. लय स्वस्त देतो." त्यावर दोघी पोट धरून हसल्या होत्या, आणि आतून अप्पारावही हसल्याचा आवाज आला होता. तेवढ्या हसण्यावर अंबिकाचा आठवडा निघाला होता. फोटो मिळत नाही तोवर ते विमान करणारे सरच होते. अडलेले, पण सरच.

"बरं," बाहेर स्वरदा म्हणाली. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज झाला. "मी हे दिवाळीला देणार होते. पण घ्या आत्ताच."

अंबिका पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. उशीर झाला होता. टेबलावर जाड कागदाचं पाकीट होतं, आणि अप्पारावांच्या मांडीवर फोटो.

"हॉलंडमध्ये एक संग्रहालय आहे, तिथं हे विमान उभं केलंय," स्वरदा सांगत होती. आवाजातला राग गेला होता. "तिथल्या एका म्हाताऱ्या माणसाला मी मेल केली. त्याचंही तुमच्यासारखंच आहे. त्यानं विमानाखाली आडवं पडून काढलेत. डावा पाय, उजवा पाय, पुढचं चाक, पाय आत गेल्यावर मिटणारी दारं. मी प्रिंट करून आणले."

अप्पाराव एकेक फोटो बघत होते. मांडीवर ठेवूनच बघत होते, उचलत नव्हते. अंबिकाला त्यांचा चेहरा कळत होता. परीक्षेच्या पेपरात चूक शोधतात तसे ते शोधत होते. ह्या फोटोत, मग पुढच्या, मग परत मागच्या. चूक नव्हती. सावलीही नव्हती.

"बरोबर आहेत," ते शेवटी म्हणाले. "लय चांगले काढलेत."

"मग लावा. मी बसते बघायला. लहानपणी बसायचे तशी."

"आत्ताच कशाला?" अंबिका म्हणाली. "आधी जेवून घ्या. भाकऱ्या निवायलेत."

"आई, साडेदहा वाजलेत."

"अगं, आज अमावस्या आहे," अंबिकाच्या तोंडून निघून गेलं. "आज नवं काम नको."

स्वरदा खळखळून हसली. "चाकाला कसली अमावस्या? तू कधीपासून पाळायला लागलीस? आपल्या घराचा पाया तर अमावस्येलाच खणला होता. आजी किती बोलली होती तुला."

अप्पाराव हसले नाहीत. त्यांनी मान वर करून बायकोकडं बघितलं. तिनं आयुष्यात कधी अमावस्या पाळली नव्हती, उलट पाळणाऱ्या बायकांची टिंगल करायची. तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं आणि ती त्यांच्याकडं न बघता विमानाकडं बघत होती. अर्धा कप चहा, झब्बे, साखरेचा डबा, सगळं त्या एका नजरेत त्यांना उमगलं असावं. कारण त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो राग कुठं ठेवावा ते कळेना, आणि मग तोही उतरला.

"आण ते खोकं," ते लेकीला म्हणाले.

"अहो, राहू द्या."

"तू भाकरी बघ. करपायलीय."

ती हलली नाही. भाकरी तर अजून तव्यावर टाकलीच नव्हती.

स्वरदानं खोकं आणलं. अप्पारावांनी चष्मा बदलला, विमान टॉवेलवर उलटं ठेवलं, चिमटा घेतला. पुढचा पाय, एकाच चाकाचा, बोटाच्या पेराएवढा, चिमट्यात धरला. डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट पकडलं. पाय विमानाच्या पोटाजवळ गेला आणि तिथं थरथरत राहिला, खाचेच्या आजूबाजूला, माशी बसायला जागा शोधते तसा. एकदा टोक खाचेला लागलंही. मग निसटून रंगावर ओरखडा उठला. त्यांनी पुन्हा धरला. चिमट्याचा प्लास्टिकवर टकटक टकटक आवाज यायला लागला.

स्वरदाचं हसू कधी थांबलं ते अंबिकानं बघितलं. पोरगी फोटोंकडं बघत नव्हती, विमानाकडंही नाही. हाताकडं बघत होती. मग तिनं आईकडं बघितलं, आणि अंबिकानं मान खाली घातली.

"बाबा, गाडीचा शीण आलाय मला. उद्या बघू," स्वरदा हळूच म्हणाली.

"तू काय लावायलीस? मी लावायलोय," ते म्हणाले. पण चिमटा खाली ठेवला. पाय त्याच्यातून सुटून टॉवेलवर पडला. मोडला नव्हता. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला नाही. उठले, मोरीत जाऊन खूप वेळ हात धूत राहिले.

जेवायला तिघंही एकदम बसली. स्वरदा भाकरीचे तुकडे करत होती आणि खात नव्हती. तिचे डोळे लाल होते. तिला काहीतरी विचारायचं होतं. परभणीला दाखवलं का, नांदेडला दाखवलं का, कधीपासून, मला का नाही सांगितलं. अंबिकानं ते सगळं तिच्या तोंडावर वाचलं, आणि तिच्या ताटात ठेचा वाढून तिला गप्प केलं.

अप्पारावांनी घास खाली ठेवला.

"चाकं लावायची नाहीत," ते म्हणाले. वर्गात हजेरी घ्यायचे तोच आवाज. "पाय आत घेतलेलं विमान करायचं. खालची दारं बंद करून टाकायची. ती स्वरदा चिकटवंल, जेवण झालं की. मी शेजारी बसून सांगतो. आणि कपाटात विमानांची जी न उघडलेली खोकी हायेत, ती तिनं जाताना पुण्याला न्यायची. ज्याला पाहिजे त्याला द्यायची. मी आता विमान करणार नाही."

मग त्यांनी भाकरी पुढं ओढली आणि जेवायला लागले.