पेवात कोणी उतरायचं, हे विचारायला चांदूर बाजारला

नात म्हणाली, आजी, प्रवासाचं सांग, लोक वाचतात. मला अक्षर येत नाही. मी बोलते, ती लिहिते.

आमचं गाव बार्शीटाकळीजवळ. साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. गावाचं मिळून एक पेव होतं, म्हणजे जमिनीतलं खोल कोठार. सुगीला सगळ्यांनी ज्वारी टाकायची आणि आषाढात घरं रिकामी झाली की वाटून घ्यायची. आत हवा कोंदट, माणूस गुदमरायचा. उतरायचे कायम आमच्याच वस्तीतले. बौद्ध झाल्यावर आमची माणसं म्हणाली, आता पाळी लावा. पाळीचं नाव काढताच गावभर सगळ्यांच्या कमरा धरल्या.

ग्रामसेवकानं सांगितलं, चांदूर बाजारकडे एका गावात पेवावरून भांडण होत नाही, पाहून या. महिला मंडळाची प्रमुख सरूबाई, माळ्यांची, आणि वस्तीतर्फे मी, अशा निघालो.

अकोल्याहून मूर्तिजापूर, तिथून अचलपूरची लहान गाडी. इतकी सावकाश, की धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा माणूस तिच्या संगतीनं गप्पा मारत चालायचा. आता जाणार असाल तर ती चालू आहे का, याची आधी चौकशी करा. शेजारची म्हातारी म्हणाली, "कुठं चालल्या व माय?"

"मानसं कशी सांभाळाव, ते शिकाले," मी म्हटलं.

"मंग सासूले घरी कावून ठेवलं?"

पुढं मोटार, मग बैलगाडी. धूळ एवढी, की उतरल्यावर सरू आणि मी एकाच रंगाच्या दिसत होतो.

तिथल्या पेवाचा कारभार आप्पाजी पाहायचे. त्यांनी ओसरीवर जेवायला बसवलं. भाकर, वांग्याची भाजी. मी कोण, ते त्यांनी विचारलं नाही आणि सरूनं सांगितलं नाही. मी भाजी दोनदा घेतली.

"पाळी कशी लावता?" मी विचारलं.

"पाळी काहाले? वस्तीतला मानूस मजुरीनं उतरवतो. त्यायले वाटा न्हाई, सभेत बलावनं न्हाई. मंग भांडन कोन करन?"

माझा घास हातातच राहिला. सरू म्हणाली, "भाजी मस्त झाली, आप्पाजी."

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "सरू, हे गावात सांगू नोको."

"इचारलं तं सांगाच लागते न व."

गावानं विचारलं, तिनं सांगितलं. मी सभेत उभी राहिले. म्हटलं, "तेथं भांडन न्हाई, कारन भांडनाराच बाहीर ठेवला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. "तेच तं," म्हणाले.

आमच्या वस्तीचा पेवातला वाटा बंद केला आणि आमची ज्वारी मापून परत दिली. मापात खोट नव्हती, तेवढी सचोटीची माणसं. आषाढ लागला तशी ती संपली. पेव उघडायचं ठरलं, मजुराची हाक आली, आणि माझाच नवरा उतरला. वर आला तो घामानं निथळत, पाठीला दाणे चिकटलेले. काठावरून सरू हळूच म्हणाली, "तेवढे झटकून घे व बाई."

मी पदरानं ते परत पेवात झटकले.

नात विचारते, त्या प्रवासातून काय मिळालं? गावाला हवं होतं ते मिळालं. आणायला मीच गेले होते.