रांगेत थांबलेले निरोप

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. तरी हे लिहितोय, कारण घरी अजून ते मोठ्याने बोलता येत नाही.

माझ्या ताईने जातीबाहेर लग्न केलं. वडील नवलाख उंबऱ्याला कंपनीत कामाला आहेत. त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव घेतलं नाही, आणि माझा नि आईचा फोन रोज बघायला लागले. काही महिन्यांनी ती मला घोरावाडी स्टेशनवर भेटली. तिला दिवस गेले होते. कुठे राहते ते तिने सांगितलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होणार नव्हतंच. निदान तेव्हा आई जवळ असावी, एवढंच तिचं मागणं होतं.

प्रोजेक्टसाठी मी निरोप पाठवायचं एक ॲप केलं होतं. ते तिच्या फोनमध्ये टाकून दिलं.

"यात लिही. मला लगेच दिसेल."

"नक्की ना रं? न्हाईतर तुझ्या बारावीच्या गणितासारखं व्हायचं," ती म्हणाली.

माझा प्रोग्राम कॉलेजने दिलेल्या ऑनलाइन मशीनवर सतत चालू असायचा. बाहेरून कुणाची जोडणी आली की ती आत घ्यायची, निरोप वाचायचा, पडद्यावर दाखवायचा, एवढंच त्याचं काम. लोणावळ्याला लॅबमध्ये मी रोज तो पडदा उघडायचो. नुसता कर्सर लुकलुकत असायचा.

"काय रे, सासरचं पत्र यायचंय का?" शेजारचा मित्र विचारायचा.

आंबीला घरी पोचलो की वडील आसपास नाहीत हे बघून आई जवळ यायची. जुन्या लुगड्याची दुपटी शिवून तिने पिठाच्या डब्यामागे लपवली होती.

"काय आलं का रं?"

"न्हाई, आई."

"दिस भरलं असतील आता."

नंतर नंतर ती विचारेनाशी झाली, नुसती बघायची. मला वर्गात, गाडीत सारखं वाटायचं की मागे कुणीतरी उभं आहे. वळून बघितलं तर कुणी नसायचं.

मग एका दुपारी सर प्रोजेक्ट तपासायला आले. त्यांनी शेजारच्या मित्राला माझं ॲप वापरून निरोप पाठवायला सांगितलं. त्याच्या फोनवर 'पोचला' असं आलं. माझ्या पडद्यावर काहीच नाही.

सरांनी प्रोग्राम वाचला. "एकाला आत घेतल्यावर तो जाईपर्यंत तू दुसऱ्याला घेतच नाहीस. बाकीचे रांगेत थांबतात. आत कोण आहे आत्ता?"

मी शोधलं. आत मीच होतो. अगदी सुरुवातीला चाचणीसाठी त्याच मशीनवर दुसऱ्या खिडकीतून मी जोडणी केली होती आणि ती बंद करायची विसरलो होतो. फोनवरचा 'पोचला' हा शब्दही मीच लिहिला होता. निरोप मशीनपर्यंत गेला की तो दिसायचा, कुणी वाचो न वाचो.

घाईने मी प्रोग्रामच बंद करायला गेलो. सरांनी हात धरला. "तो बंद केलास तर रांगेतलं सगळं जाईल. आधी तुझी ती जोडणी सोड."

मी सोडली. एका क्षणात पडद्यावर ओळी आल्या. शेवटची मित्राची होती. तिच्या आधीच्या तीन ताईच्या.

'सोमवारी दाखल होणार. लोणावळ्यात, तुझ्या कॉलेजच्या मागचाच दवाखाना. आईला घेऊन ये.'

'मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत. उद्या चारला सोडतील. आई निघाली का?'

तिसरी ओळ बारा दिवसांपूर्वीची होती.

'दोन्ही निरोप पोचलेले दिसतात, म्हणजे तुम्ही ठरवलंच असणार. आम्ही हे गाव सोडतोय. हा फोनही बंद करतेय. आईला नुसतं सांग, पोरगी तिच्यावर गेलीय.'